परगावी धावायचंय? आधी जागा बघा, मग बूट घाला

मागच्या लग्नसराईत पन्नाशीचे एक गृहस्थ हाताला प्लॅस्टर बांधून दवाखान्यात आले. मधुमेह आठ वर्षांचा, पण रोजच्या धावण्यामुळे साखर उत्तम आटोक्यात. भाच्याच्या लग्नाला तालुक्याच्या गावी गेले होते. पहाटे पाचला सगळं बिऱ्हाड झोपलेलं असताना उठले, बूट चढवले आणि मंगल कार्यालयासमोरच्या बायपासवर धावू लागले. मागून मोटारसायकलचा धक्का बसला, मनगट मोडलं.

मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच सांगितलं होतं ना, व्यायाम चुकवू नका!"

सांगितलं होतं खरं. पण कुठे धावायचं, हे मी सांगितलं नव्हतं. गोळी लिहून देताना आम्ही जेवणाआधी की नंतर हे बजावून सांगतो. व्यायाम लिहून देताना मात्र जागेचा विषयच काढत नाही. ही आमची चूक आहे. आणि "धावायला काय लागतं, बूट घातले की झालं" हे जे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, ते निदान परगावी तरी साफ चुकीचं आहे.

"इतकी वर्षं धावतोय, काही झालं नाही"

हे मी नेहमी ऐकतो. पण ती वर्षं तुम्ही तुमच्या गावात धावलात. कुठला खड्डा कुठे आहे, कुठल्या गल्लीत कुत्री आहेत, कुठे दिवा नाही, हे तुमच्या पायांना पाठ असतं. परक्या गावात यातलं काहीच ठाऊक नसतं.

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं दगावली. त्यांतला जवळपास दर पाचवा माणूस पायी चालणारा होता. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारं वाहन एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकतं. रात्रभर गाडी हाकून डोळे जड झालेल्या चालकाला तुम्ही दिसेपर्यंत आणि त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत किती अंतर उरेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

फौजा सिंग आठवतात? २०११ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली होती. जुलै २०२५ मध्ये जालंधरजवळ, स्वतःच्याच गावाबाहेर, महामार्गावर एका वाहनाने त्यांना धडक दिली आणि ते गेले. मार्च २०२३ मध्ये मुंबईत वरळी सी फेसवर सकाळी धावणाऱ्या एका अनुभवी महिला धावपटूला भरधाव मोटारीने उडवलं. दोघांचंही शरीर कसलेलं होतं. कसलेलं शरीर गाडीच्या बंपरपुढे टिकत नाही.

"मग व्यायाम सोडून देऊ का?"

नाही, आणि याच उत्तरासाठी हा लेख आहे.

निरोगी माणसाने दोन-चार दिवस धावणं चुकवलं तर काहीही बिघडत नाही. दम ठळकपणे कमी व्हायला साधारण दोन आठवड्यांचा खंड लागतो. त्यामुळे मोबाइलमधली सलग दिवसांची मोजणी तुटू नये म्हणून अंधारात हायवेवर उतरणं हा शहाणपणा नाही.

मधुमेह असेल तर गोष्ट थोडी वेगळी आहे. व्यायामाने इन्सुलिनचा प्रभाव वाढतो, पण तो एक ते तीन दिवसच टिकतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. पण त्यासाठी धावायलाच हवं असं नाही. लॉजचा जिना अर्धा तास चढा-उतरा, गच्चीवर भराभर चाला. साखर तेवढ्यानेही उतरते. धावायचंच असेल तर मात्र पुढचं वाचा.

जागा कशी शोधाल?

१. आदल्या संध्याकाळी बघून या. पहाटे अंधारात शोध नको. दिवे आहेत का, रस्ता कुठे संपतो, कुत्र्यांची टोळी कुठे बसते, हे उजेडात कळतं.

२. योग्य माणसाला विचारा. "इथे धावायला जागा आहे का?" असं विचारलं तर "कुठेही धावा की" असंच उत्तर मिळतं. त्याऐवजी "पोलीस भरतीची मुलं कुठे पळतात?" असं विचारा. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत याचं उत्तर चहाच्या टपरीवर मिळेल. ती मुलं पळतात तिथे सहसा मातीची सपाट जमीन असते आणि सोबतही.

३. जिथे वाहन येत नाही किंवा कमी येतं, अशी जागा धरा. मैदान, तलावाचा काठ, विद्यापीठाचं आवार, बाग. मुंबईत शिवाजी पार्क किंवा मरीन ड्राइव्हचा रुंद फुटपाथ, कोल्हापुरात रंकाळ्याचा काठ, ठाण्यात उपवन तलाव, दिल्लीत लोधी गार्डन, बंगळुरूत कब्बन पार्क. तिथे सकाळी माणसांची वर्दळ असते, आणि वर्दळ हीच मोठी सुरक्षा आहे. महिलांनी तर एकांताची "शांत, निसर्गरम्य" जागा पहिल्या दिवशी टाळावीच.

४. लांब फेरीचा हट्ट नको. सुरक्षित असा अर्धा किलोमीटर सापडला तरी पुरे, त्याच्याच दहा फेऱ्या मारा. कंटाळवाणं आहे, पण मनगट शाबूत राहतं.

५. रस्त्याला पर्यायच नसेल तर उजाडल्यावरच निघा. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावा. कानात इअरफोन नकोत. कपडे फिकट किंवा भडक रंगाचे घाला.

६. कोकणात किंवा गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर धावायचं असेल तर ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवरून धावा. तिरप्या उतारावर एकाच दिशेने बराच वेळ धावलात तर गुडघा आणि घोटा दुखतो. दमट हवेची सवय नसेल तर पहिले काही दिवस वेग कमी ठेवा. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिले दोन दिवस तर धावूच नका.

७. खिशात नाव, घरचा फोन नंबर आणि आजाराची चिठ्ठी ठेवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर साखर किंवा ग्लुकोजही ठेवा. परक्या गावात चक्कर आली तर तुम्हाला ओळखणारं कुणी नसतं.

कुत्रं मागे लागलं तर

पळू नका. थांबा, डोळ्याला डोळा भिडवू नका, सावकाश मागे सरका. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात लस घ्या. "घरी गेल्यावर बघू" असं म्हणू नका. पहिला डोस तिथे, पुढचे आपल्या गावी, असं चालतं. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही.

आणि आता कुलपाबद्दल

एवढं सगळं सांगूनही एक अडचण उरतेच. बऱ्याच गावांत मैदान असतं, पण पहाटे त्याच्या फाटकाला कुलूप असतं. शाळेच्या वेळेत मैदान बाहेरच्यांना बंद असावं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण पहाटे साडेपाच ते सात हे कुलूप नेमकं कुणाच्या सुरक्षेसाठी? देखभालीला पैसे लागतात, मैदान खराब होतं, हे आक्षेप मी ऐकले आहेत. पण त्याच मैदानावर लग्नाचे मांडव आणि सभा होतात, मांडवाचे खड्डे महिनोन्महिने तसेच राहतात. चार माणसांच्या बुटांनी त्याहून जास्त काय बिघडणार?

कुलूप लावलेलं मैदान माणसाला रस्त्यावर ढकलतं. फिरतीवरचे विक्रेते, बदली झालेले कर्मचारी, पेपरासाठी आलेले विद्यार्थी, लग्नाला आलेले पाहुणे, यांच्याकडे ना त्या गावच्या क्रीडासंकुलाचं सभासदत्व असतं, ना ओळख. त्यांच्यासाठी उरतो बायपास.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या. परगावी गेलात तर जागा मिळेपर्यंत धावू नका, जिना चढा. आणि आपल्या गावी असाल तर नगरपालिकेला, शाळेच्या संस्थेला एक अर्ज द्या, "सकाळी दीड तास मैदान उघडा" एवढाच. तुमच्या गावात आलेला पाहुणाही परगावीच आलेला असतो.

माझ्या त्या रुग्णाचं प्लॅस्टर सहा आठवड्यांनी निघालं. पुढच्या वेळी कुठे जाणार, हे आता मी त्यांना आधी विचारतो, आणि मग व्यायाम लिहून देतो.