रस्त्याचं पाणी थेट बोअरमध्ये नको

पुण्यातल्या अनेक सोसायट्यांमध्ये आता ‘बोअर रिचार्ज’ झालेलं असतं. गच्चीवरचा पाइप खाली आणायचा, मध्ये छोटा फिल्टर बसवायचा आणि पाणी बोअरमध्ये सोडायचं. गच्ची स्वच्छ ठेवली तर त्यात काही वावगं नाही. काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. गच्ची अपुरी पडते म्हणून पार्किंगचं आणि आवारातल्या रस्त्याचं पाणीही त्याच खड्ड्यात वळवायचा मोह होतो.

मोह समजण्यासारखा आहे. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एक हेक्टर डांबर-काँक्रीटवर ७० लाख लिटर पाणी पडतं. एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्याला हे पाणी नाल्यात जाताना पाहवत नाही. पण गच्चीचं पाणी आणि रस्त्याचं पाणी एक नव्हे. रस्त्यावरून येतं ते तेल, ब्रेकमधलं तांबं, टायरमधलं जस्त, जनावरांची विष्ठा आणि तुंबलेल्या गटाराचा वाटा घेऊन. जूनच्या पहिल्या सरींत तर महिन्यांची धूळ एकदम उतरते.

अमेरिकेत सिएटल परिसरातल्या ओढ्यांमध्ये पाऊस पडला की कोहो जातीचे सॅमन मासे अंडी घालण्याआधीच मरत. खूप शोध घेतल्यावर २०२० मध्ये त्यामागचं रसायन सापडलं. टायर लवकर झिजू नये म्हणून त्यात मिसळलेल्या द्रव्याची ओझोनशी क्रिया होऊन ते तयार होतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याआधीच्या प्रयोगांत दिसली होती. तेच रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून दिलं, तर मासे जगले.

आपल्याकडे हा थर जास्तच हवा, कारण पायाखाली काळा बेसाल्ट आहे. नदीकाठच्या वाळूसारखं तो पाणी गाळत नाही. पाणी त्याच्या भेगांमधून वाहतं, आणि भेगेत शिरलेली घाण शेजारच्या बोअरपर्यंत पोहोचू शकते. ‘जमिनीत मुरलं म्हणजे शुद्ध झालं’ हे या खडकाला लागू नाही. गाळण्याचं काम खडकाच्या वरच उरकावं लागतं.

ते करणारी रचना साधी आहे. रस्त्यापेक्षा खोल ठेवलेला वाफा, त्यात दीड-दोन फूट वाळूमिश्रित माती, खाली खडी, वर ओलं आणि कोरडं दोन्ही सोसणारं गवत किंवा झुडपं. गाळ वरच अडतो, धातू मातीच्या कणांना चिकटतात, तेलाचा बराच भाग जिवाणू फस्त करतात आणि मुळं माती घट्ट होऊ देत नाहीत. कंपोस्ट मात्र बेतानं. जास्त झालं तर त्यातलाच फॉस्फरस आणि नायट्रेट पाण्यात उतरतात. पाणी दोन दिवसांत मुरलंच पाहिजे, नाहीतर डेंग्यूचे डास पाळल्यासारखं होईल. आणि दरवर्षी वरचा गाळ काढायला माणूस हवा. बहुतेक योजना मरतात त्या इथेच, उद्घाटनानंतर.

या वाफ्याला सगळं जमत नाही, हेही सांगायला हवं. विरघळलेले क्षार त्यातून जसेच्या तसे जातात. जंतू कमी होतात, संपत नाहीत. त्यामुळे अशा बोअरचं पाणी झाडांना, संडासाला, गाड्या धुवायला वापरावं. निर्जंतुक आणि तपासल्याशिवाय प्यायला नको.

मोठ्या प्रमाणावरही हे जमतं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळच्या सॅलिसबरीत पावसाचं पाणी आधी तळ्यात साठवतात, मग लव्हाळ्यांच्या पाणथळीतून फिरवतात आणि त्यानंतरच भूजलात सोडतात. आपल्या बागा मात्र रस्त्याहून उंच बांधलेल्या, भोवती कठडा घातलेल्या. पाऊस बागेतून रस्त्यावर येतो, उलटा जात नाही! पालिकेनं पुढच्या वेळी कठडे बांधताना त्यात जागोजागी फटी ठेवाव्यात आणि आतली माती फूटभर खाली घ्यावी. रस्त्याचं पाणी बोअरमध्ये सोडणाऱ्या सोसायटीला मातीचा थर दाखवल्याशिवाय करसवलत देऊ नये, आणि दर ऑक्टोबरला बोअरच्या पाण्याची तपासणी मागावी.