घरघर लागली म्हणजे मेलंच असं नाही

गेले पंधरा दिवस पीसी सुरू केला की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज यायचा. दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच निकाल दिला, "ग्राफिक्स कार्ड गेलं साहेब, नवीन घ्या." नवीन कार्ड म्हणजे माझं दोन महिन्यांचं घरभाडं!

ऑफिसात लॉग न बघता कुणी "सर्व्हर बदला" म्हणालं तर आपण त्याला हसतो. मग घरी का मान डोलवायची?

शनिवारी स्वतःच बसलो. पंखे प्रोसेसरला, एसएमपीएसला, कॅबिनेटला, सगळ्यांनाच असतात. म्हणून सॉफ्टवेअरमधून फक्त कार्डाच्या पंख्याचा वेग कमी-जास्त केला. आवाजही तसाच बदलला. चोर सापडला!

पीसी बंद करून प्लग काढला. कुठली वायर पात्यांना घासत नव्हती, पण हीटसिंकमध्ये धूळ ही एवढी. धुळीने कार्ड तापतं, मग पंखा आणखी जोरात पळतो. पाती बोटाने धरून ब्रशने सगळं साफ केलं. घोंघावणं गेलं, खडखड राहिली. म्हणजे बेअरिंग झिजलेलं. त्याच मापाचा पंखा काही शे रुपयांत मिळाला. कार्डाची चिप ठणठणीत होती.

वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी अटी वाचा. पण कारण कळल्याशिवाय पाकीट काढू नका, एवढंच माझं म्हणणं.

असो. पीसी शांत झाल्यावर कळलं, सीलिंग फॅनही कुरकुरतोय. पुढचा शनिवार ठरला!