भिंतीवरची भूमिती

चाकणजवळ महाळुंग्याला माझी एक मैत्रीण राहते. परवा तिच्याकडे गेले, तर सहावीतली लेक भूमितीपुढे रडकुंडीला आलेली. मैत्रीण म्हणाली, "माझंच गणित कच्चं, तिला कुठून येणार?" समोर भिंतीवर बाजारातून आणलेलं वारली चित्र टांगलेलं होतं. म्हटलं, "अगं, त्रिकोण, वर्तुळ, चौकोन, सगळं इथंच आहे की!"

मैत्रिणींनो, असं चित्र आपल्यापैकी अनेकींच्या घरी असेल. पण ते मुळात कुणाचं, ठाऊक आहे? पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडे वारली आदिवासींच्या घरी लग्न निघालं, की सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने 'चौक' लिहितात. चौकात पालघाट देवी. चौक झाल्याशिवाय लग्न नाही, आणि लग्न लावणारी धवलेरीही बाईच!

हाताशी ना फूटपट्टी, ना कंपास. तरी चौकाच्या चारी बाजूंना त्रिकोणांच्या नि नागमोडी रेघांच्या किनारी कशा सारख्या उतरतात! दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले, की झालं माणसाचं धड. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची रांग शंखासारखी वळत जाते.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींमुळे ही कला शहरात आली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मान योग्यच होता. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं कुणी टिपून ठेवली? आपलंही तसंच. ठिपक्यांची रांगोळी अचूक जुळवणारी, स्वेटरचे टाके मोजणारी बाई खुशाल म्हणते, "मला गणित येत नाही." आणि लेकीच्या कानावर तेच पडतं!

सुट्टीत एवढं कराच. पुठ्ठ्याला गेरू लावून वाळवा. तांदूळ भिजवून बारीक वाटा, त्यात थोडं डिंकाचं पाणी घाला. बांबूच्या काडीचं टोक ठेचलं की कुंचला तयार. मुलांना पट्टी न घेता तारप्याचा नाच काढू द्या. देवीचा चौक मात्र शोभेसाठी काढू नका. तो लग्नघराचा.

महाळुंग्याची लेक आता त्रिकोणाला घाबरत नाही. आईनेही "माझं गणित कच्चं" म्हणणं सोडलंय. तुम्ही कधी सोडताय?