ऊसतोडणीचे यंत्र कोणाच्या मालकीचे?

राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२३ साली घेतला. यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती शासनाने द्यावयाची, किमान २० टक्के भांडवल अर्जदाराने स्वतःचे घालावयाचे आणि उरलेले कर्जाने उभे करावयाचे, अशी ही योजना. उद्दिष्ट ९०० यंत्रांचे. कारखानदारांनी आणि बागायतदारांनी तिचे स्वागत केले, यात नवल नाही. आपल्या बीड जिल्ह्यात मात्र या विषयावर जी काही चर्चा होते, ती 'यंत्र येणार की नाही' या एकाच प्रश्नाभोवती घोटाळते. वस्तुतः हा प्रश्न आता निकालात निघाल्यासारखा आहे. यंत्र आलेले आहे. ते कोणते असावे, कोठे चालावे आणि विशेषतः कोणाच्या मालकीचे असावे, हे प्रश्न अद्याप खुले आहेत आणि ते आपण विचारीत नाही.

प्रथम यंत्राच्या अंगच्या मर्यादा पाहू. आपल्याकडे जे मोठे तोडणी यंत्र दिसते, त्याचे कूळ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातले. तेथे शेते विस्तीर्ण आणि माणसे थोडी. मजूर मिळेना, मिळाला तर परवडेना, म्हणून १९७०च्या दशकाअखेर तेथील जवळजवळ सर्व ऊस यंत्राने तोडला जाऊ लागला. आपली स्थिती नेमकी उलटी. एकरा-दोन एकरांचे तुकडे, मध्ये बांध, अरुंद पाणंद आणि तीन-साडेतीन फुटांच्या सऱ्या. या यंत्राला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, वळायला मोकळी जागा लागते. पडलेल्या, गुंतलेल्या उसात ते अडखळते. अवकाळी पाऊस झाला की काळ्या जमिनीत त्याची चाके रुततात, आणि रुतली नाहीत तरी जमीन दडपून घट्ट करून जातात.

वाहतुकीचेही तसेच. मजूर अखंड ऊस तोडतो, त्याची मोळी बांधतो, डोक्यावरून फळीवर चढून ती मालमोटारीत रचतो. हाच ऊस टायरगाडीतून बैलांच्या मानेवरही जातो. यंत्र उसाची वीतभर कांडी करते. ती झेलण्यासाठी शेजारून ट्रॅक्टरची ट्रॉली चालावी लागते, आणि कांडी तातडीने गाळली नाही तर साखर उतरू लागते. म्हणजे यंत्र घेणाऱ्याने केवळ यंत्र घेऊन भागत नाही. ट्रॉली, मोठी वाहने आणि कारखान्याच्या गव्हाणीपाशी खोळंबा न होण्याची हमी, हे सारे एकत्र घ्यावे लागते. त्यात पाचटाची वजावट आहेच. यंत्राने तोडलेल्या उसाच्या वजनातून साडेचार-पाच टक्के कापले जातात, आणि त्यावरून शेतकरी व कारखाने यांच्यात वाद चालू आहे. शिवाय उसाचे वाढे नाहीसे होतात. वाढे विकून टोळीच्या हाती रोजचे चार पैसे येतात आणि गावच्या गुरांना ऐन उन्हाच्या तोंडावर हिरवा चारा मिळतो. कोणत्याही प्रकल्प अहवालात या वाढ्यांचा रकाना माझ्या पाहण्यात आलेला नाही.

हे वाचून लेखक यंत्राच्या विरोधात आहे, असा समज होईल. तो खरा नाही. कोयता टिकावा असे ज्यांना वाटते, त्यांनी पहाटे तीनला उठून फडात गेलेली बाई पाहिलेली नसावी. २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तीत आपल्या जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा झाला तर दंड, आजार म्हणजे खाडा, आणि उचल तर फिटलीच पाहिजे. या साखळीतून तो आकडा निघालेला आहे. दिवाळीनंतर आमच्या वर्गातील काही बाके रिकामी होतात, त्यांचे कारण हजेरीपटावर लिहिलेले नसते. पण वर्गातल्या सर्वांना ते ठाऊक असते. अशा कामाचा अंत होत असेल तर त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. मात्र काम संपणे आणि कामगार संपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता थोडा हिशेब. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत झालेल्या तडजोडीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, दिवसाला दोन टन ऊस तोडते असे धरू आणि हंगाम १२० दिवसांचा मानू. जोडीचा ऊस होतो २४० टन आणि मजुरी सुमारे ८८ हजार रुपये. (ही उदार मोजणी झाली, २०२४-२५चा हंगाम तर पुष्कळ ठिकाणी जेमतेम तीन महिने चालला.) यंत्राने हंगामात दहा हजार टन तोडले असे समजू. ते ४२ कोयत्यांचे काम झाले आणि त्याची मजुरी होते ३६ लाख ६० हजार रुपये. शासन यंत्रामागे देणारे अनुदान जास्तीत जास्त ३५ लाख. म्हणजे ज्या ४२ जोड्यांचा रोजगार जाणार, त्यांची एका हंगामाची जवळजवळ सगळी मजुरी शासन तिजोरीतून देत आहे, फक्त ती त्यांना देत नाही.

अमर्त्य सेन यांनी १९६० साली तंत्रनिवडीवर जो ग्रंथ लिहिला, त्यापासून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट शिकवली जाते: भांडवल दुर्मीळ आणि श्रम विपुल असलेल्या देशात बाजारातील किमती तंत्राच्या निवडीला पुरेशा नसतात, समाजाला पडणारी किंमत वेगळी मोजावी लागते. येथे तर बाजारातील किंमतसुद्धा खरी राहिलेली नाही, कारण शासनाने तीवर पाच-दोन आणे नव्हे, सहा आणे सूट दिलेली आहे. सूट देणे गैर नाही. परंतु सार्वजनिक पैशातून यंत्र घेतले जात असेल, तर त्याचा मालक कोण हा प्रश्न खाजगी राहत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ऊस पिकवणाऱ्याला कारखान्याचा भागधारक केले. ती थोर गोष्ट होती. पण ऊस तोडणारा त्या सभासदयादीत कधी आला नाही. तो मुकादमाच्या वहीत राहिला. तोडणाऱ्यालाच तोडणीचा धनी करण्याचा प्रयोग याच राज्यात झाला. तो उसाच्या फडात नव्हे, तर जंगलात, लाकडाच्या कुपात. बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत, १९४७ च्या सुमारास, जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. तोवर कूप ठेकेदार घेत असे आणि आदिवासी त्याचा मजूर असे. संस्थांना कूप मिळू लागल्यावर झाड तोडणे, ओंडके ओढणे, डेपोपर्यंत पोहोचवणे ही सारी कामे कामगारांच्या नावावर आली. पुढे यांतील अनेक संस्था नावापुरत्या उरल्या, पडद्याआड जुनेच ठेकेदार बसले, हेही खरे आणि ते विसरून चालणार नाही. पण तत्त्व तेव्हा मान्य झाले होते, आणि ठाणे-धुळ्याच्या जंगलात जे मान्य झाले ते बालाघाटच्या माणसाला का नाकारावे, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

परदेशात पाहावयाचे तर ब्राझीलचे उदाहरण जवळचे आहे. तेथील साव पावलो राज्यात ऊस जाळून तोडण्याची पद्धत बंद करण्याचा करार २००७ साली झाला आणि यंत्रे झपाट्याने आली. साखर उद्योगाच्या संघटनेने २०१० पासून तोडणी कामगारांना यंत्रचालक, वेल्डर, वीजतंत्री अशा कामांचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम चालवला. सर्वांना त्यात जागा मिळाली नाही, मिळणे शक्यही नव्हते. यंत्राभोवतीची कामे मोजकीच असतात. आपल्याकडे मात्र तेवढेही योजनेच्या अटींत नाही. अनुदान घेणाऱ्याने चालक आणि मदतनीस ऊसतोड कुटुंबांतूनच घ्यावेत, एवढी एक ओळ घालण्यास कितीसा खर्च आला असता?

ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावे कल्याणकारी महामंडळ आहे. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने दहा रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे २०२१ मध्ये ठरले. हा आकार ऊस कोणी तोडला हे विचारीत नाही; यंत्राने तोडलेल्या टनावरही तो लागू आहे. वसतिगृहे या निधीतून व्हावीत, विमा व्हावा, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यातील एक हिस्सा टोळ्यांच्या संस्थांना यंत्रासाठी भागभांडवल म्हणून देता येईल. अनुदानाच्या योजनेत आज वैयक्तिक शेतकरी, उद्योजक, शेतकरी उत्पादक संस्था आणि कारखाने यांना स्थान आहे. त्यांच्या शेजारी ऊसतोड कामगारांच्या संस्थेचे नाव लिहून तिला राखीव हिस्सा द्यावा. यंत्रही क्वीन्सलँडच्या मापाचेच हवे असे नाही. लहान शेताला लहान यंत्र, आणि केवळ मोळी उचलून वाहनात भरणारे यंत्रसुद्धा, मोठी सोय ठरेल. फळीवरून डोक्यावर ओझे चढवणे हा या धंद्यातील सर्वांत जीवघेणा भाग आहे आणि अनुदानाच्या चर्चेत त्याचे नाव क्वचित निघते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, मजुरांजवळ २० टक्के भांडवल कोठून येणार? यंत्राची किंमत एक कोटीच्या आसपास धरली, तर स्वभांडवल वीस लाख होते. ते ज्या ४२ जोड्यांचे काम यंत्र घेणार त्यांच्यात वाटले, तर जोडीमागे पडतात सुमारे ४८ हजार रुपये. बीड जिल्ह्यातील जोडी हंगामापूर्वी मुकादमाकडून जी उचल घेते, ती आज बहुधा याहून अधिक असते. तो पैसा कारखान्यांच्या यंत्रणेतून येतो, दरवर्षी येतो, आणि त्याला तारण काय, तर माणसाचे अंग.