बग्रात : दावीदाचा वंश, इराणी नाव

जॉर्जियाच्या बग्रातिओनी राजांनी आपला वंश थेट बायबलमधील दावीद राजाशी जोडला. भाविकांनी तो खुशाल मानावा. पण इतिहास म्हणून तो सांगू लागताच कुलनामच विरुद्ध साक्ष देते. ‘बग्रात’ हिब्रू नव्हे. प्राचीन इराणी ‘बगदात’ आर्मेनियामार्गे जॉर्जियात पोहोचताना ‘बग्रात’ झाले. ‘बग’ म्हणजे देव, ‘दात’ म्हणजे दिलेला. आपल्या ‘भगवान’मधला ‘भग’ याच ‘बग’चा सख्खा भाऊ, महाभारतातील ‘भगदत्त’ या नावाची घडणही अशीच. १००८ साली एकसंध जॉर्जियाच्या गादीवर बसलेला तिसरा बग्रात ख्रिस्ती होता, नाव मात्र ख्रिस्तपूर्व इराणचे. पुढे घराण्यात दावीद नावाचे राजे झाले, तरी मुलांना बग्रात म्हणणे काही सुटले नाही.