गणिताची हुंडी वटेल काय?

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्यास एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची वाट मोकळी करण्याचे अभिवचन दिले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये श्रेयांकांच्या पेढीचे नियम जाहीर करून त्यास मूर्त रूप दिले. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक या पेढीत कमाल ७ वर्षे जमा राहू शकतात. पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे श्रेयांक मिळविले, तर उरलेले अन्यत्रचे चालू शकतात. योजना स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु हुंडी लिहिली गेली म्हणजे ती वटली असे होत नाही; आणि गणिताच्या बाबतीत खरी अडचण उभी राहते ती वटविण्याच्या वेळीच.

याचे कारण गणिताच्या स्वरूपातच आहे. एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन, हे माप वेळेचे आहे, ज्ञानाचे नव्हे. ‘कलनशास्त्र’ या एकाच नावाखाली एखाद्या ठिकाणी ६० तास अवकलनाची व समाकलनाची सूत्रे वापरून उदाहरणे सोडविण्यात जातील, तर दुसऱ्या ठिकाणी तेवढ्याच तासांत सीमा व सांतत्य यांच्या काटेकोर व्याख्यांपासून रीमानच्या समाकलापर्यंत सिद्धतांसह वाटचाल होईल. दोहोंचे श्रेयांक मात्र ४ च. इतिहासातील एखादे प्रकरण वाचावयाचे राहिले, तर ते मागाहून वाचून घेता येते. गणितात खालची पायरी निखळली की वरची चढता येत नाही. म्हणून प्राध्यापक कचरतात, आणि त्यांचे कचरणे सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही.

तथापि या सावधगिरीचा दंड विद्यार्थ्याने का भरावा? वडिलांची बदली झाली म्हणून नागपुराहून पुण्यास आलेल्या मुलीला, केवळ अभ्यासक्रमाचे शीर्षक जुळत नाही या सबबीवर, उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा शिकावा लागला, तर तिचे एक सत्र आणि पालकांचे पैसे दोन्ही वाया जातात.

आमच्या मते येथे दोन भिन्न प्रश्नांची गल्लत होत आहे. पूर्वीचे अध्ययन पदवीच्या हिशेबात धरावयाचे काय, हा पहिला. पुढील विषय पेलण्याइतकी तयारी आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर उदारपणे द्यावे, दुसऱ्याचे काटेकोरपणे. श्रेयांक मान्य करून, जो भाग राहिला असेल तेवढाच शिकण्यास किंवा त्याची छोटी परीक्षा देण्यास सांगितले, तर दर्जाही राखला जाईल आणि न्यायही होईल.

युरोपीय राष्ट्रांनी १९९७ साली लिस्बन येथे केलेल्या करारात असे तत्त्व आहे की, महत्त्वाचा फरक दाखवून देता येत नसेल तर दुसऱ्या देशातील अध्ययन मान्य करावे. आणि तो फरक दाखविण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर नव्हे, तर संस्थेवर आहे. निरनिराळ्या देशांना जे तत्त्व मान्य करता आले, ते एकाच राज्यातील विद्यापीठांस जड जावे, हे पटणारे नाही.

गणिताच्या अभ्यासमंडळांनी एकत्र बसून घटकवार समकक्षतेची कोष्टके तयार करावीत व ती प्रसिद्ध करावीत. अर्जाचा निर्णय प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी, लेखी कारणांसह द्यावा. आणि नकाराविरुद्ध दाद मागण्याची सोय ठेवावी. यास मोठा खर्च लागत नाही. लागते ती एकमेकांच्या अध्यापनावर विश्वास ठेवण्याची तयारी. पेढी शासनाने उघडून दिली आहे. तिची पत मात्र विद्यापीठांनीच राखावयाची आहे.