घर घ्यावे, पण कोणत्या गावी?

गिरगावातली आमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला. पगडीच्या खोलीऐवजी मिळालेला फ्लॅट विकायचा पुतण्याचा विचार आहे. परवा म्हणाला, ‘काका, दुबईत घेऊ की लिस्बनला?’

बँकेत जन्म गेल्यामुळे मला आधी नियम आठवतात. रिझर्व्ह बँकेच्या २००४ सालच्या योजनेखाली आज माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. त्यासाठी बँकेचे कर्ज मिळत नाही आणि परदेशातले घर प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावे लागते. ऑगस्ट २०१३ मध्ये या योजनेतून घर घ्यायला बंदी आली, ती पुढल्या वर्षी उठली. तिकडचे नियमही बदलतात. घर घेणाऱ्याला निवासाचा परवाना देणारी वाट पोर्तुगालने २०२३ मध्ये बंद केली. दुबईत वीस लाख दिरहमच्या घरावर दहा वर्षांचा व्हिसा आज मिळतो. उद्याचे कोणी सांगावे?

मी त्याला म्हटले, ‘भाव नंतर बघ. भाडेकरूने पैसे थकवले तर तिथे दार कोण ठोठावणार? तुझ्यामागे ते घर मुलीच्या नावावर कोणत्या कायद्याने होणार? वर्षातून महिनाभरही जिथे राहायचे नाही, तिथे घर कशाला?’

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, हे विकले तर मी कुठे राहायचे?’

गाव निवडण्याआधी हा प्रश्न घरात विचारायला हवा होता. आम्ही दोघांनीही तो विचारला नव्हता.